कोण चुकलं आणि कसं चुकलं: रुग्णालयातल्या टाळता येण्याजोग्या चुकांचा इतिहास

आजच्या व्याख्यानाचा विषय आहे रुग्णालयात होणाऱ्या, पण टाळता येण्याजोग्या चुका, आणि त्या कमी व्हाव्यात म्हणून माणसांनी काय काय केलं त्याचा इतिहास. विषय डॉक्टरांचा वाटतो, पण तो आपल्या सगळ्यांचा आहे. रुग्णालयाची पायरी आयुष्यात कधी ना कधी प्रत्येकालाच चढावी लागते.

सुरुवातीला एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. आजार बळावला, औषध लागू पडलं नाही, शरीरानं साथ दिली नाही, याला आपण आज चूक म्हणणार नाही. योग्य उपचार माहीत होता, हाताशी होता, आणि तरीही भलतंच घडलं, तर ती चूक. एकाचं इंजेक्शन दुसऱ्याला दिलं गेलं, उजव्याऐवजी डाव्या पायावर शस्त्रक्रिया झाली, हात न धुता नळी घातली आणि रक्तात जंतू गेले, अशा घटना.

अशी बातमी वाचली की आपल्या तोंडून पहिला प्रश्न येतो: कोण चुकलं? मग एखाद्या सिस्टरचं किंवा निवासी डॉक्टरचं निलंबन होतं, चौकशी समिती नेमली जाते आणि विषय मागे पडतो. ही चूक होऊ कशी शकली आणि मधल्या इतक्या माणसांपैकी कुणीच ती कशी अडवली नाही, हा दुसरा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. आज आपण बघणार आहोत तो पहिल्या प्रश्नाकडून दुसऱ्या प्रश्नाकडे जाण्याचा इतिहास. हा रस्ता सरळ नव्हता, आणि अजून संपलेलाही नाही.

व्हिएन्ना, १८४७

व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात तेव्हा बाळंतिणींचे दोन विभाग होते. पहिल्या विभागात डॉक्टर आणि वैद्यकाचे विद्यार्थी काम करत, दुसऱ्यात सुइणी. एक दिवस या विभागात भरती, दुसऱ्या दिवशी त्या विभागात, अशी पाळी असे. १८४६ साली पहिल्या विभागात शंभरातल्या सुमारे ११ बाळंतिणी दगावल्या, दुसऱ्यात तीनसुद्धा नाहीत. कारण एकच, बाळंतज्वर. शहरातल्या बायकांना हा फरक चांगला ठाऊक होता. पहिल्या विभागात घालू नका म्हणून त्या हातापाया पडत.

इग्नाझ सेमेलवाइस हा हंगेरीचा तरुण डॉक्टर पहिल्या विभागात सहायक होता. फरक कशामुळे, याचा त्यानं पिच्छा पुरवला. गर्दी म्हणावी तर दुसऱ्या विभागात जास्त होती. हवा, अन्न सारखंच. मार्च १८४७ मध्ये त्याचा मित्र याकोब कोलेच्का वारला. शवविच्छेदन करताना विद्यार्थ्याच्या हातातली सुरी त्याला लागली होती, आणि त्याच्या शरीरात जे बदल दिसले ते बाळंतज्वरानं गेलेल्या बायकांसारखेच होते. सेमेलवाइसनं धागा जोडला. डॉक्टर आणि विद्यार्थी सकाळी प्रेतं तपासून त्याच हातांनी बाळंतिणी तपासायला येत होते. सुइणी शवविच्छेदन करत नव्हत्या. जंतूंचा सिद्धान्त मांडला जायला अजून बरीच वर्षं होती, त्यामुळे हाताला नेमकं काय लागतं ते त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं दाराशी क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याचं भांडं ठेवलं आणि नियम केला: हात त्यात धुतल्याशिवाय आत यायचं नाही. एप्रिलमध्ये शंभरातल्या १८ बायका गेल्या होत्या. जूनमध्ये हे प्रमाण दोनच्या आसपास आलं.

इथे दोन गोष्टी लक्षात घ्यायला हव्यात. एक म्हणजे, त्यानं कुणाला जास्त हुशार व्हायला सांगितलं नाही. कामाच्या वाटेवर एक भांडं ठेवलं आणि ते ओलांडून जाता येणार नाही अशी सोय केली. आजच्या भाषेत याला आपण व्यवस्था म्हणतो.

दुसरी गोष्ट दुःखद आहे. तो आपला शोध सहकाऱ्यांच्या गळी उतरवू शकला नाही. १८५० मध्ये त्यानं व्हिएन्ना सोडलं, पुस्तक थेट १८६१ मध्ये काढलं, आणि मग ऐकत नाहीत म्हणून नामांकित प्राध्यापकांना उघड पत्रं लिहून खुनी ठरवलं. ज्या माणसानं ‘कसं’ याचं उत्तर सगळ्यांच्या आधी शोधलं, तोच शेवटी ‘कोण’ या प्रश्नावर येऊन थांबला. तुमच्या हातांनी माणसं मेली, असं ऐकल्यावर कुणी हात पुढे करत नाही, तो पाठीमागे लपवतो. १८६५ मध्ये वेड्यांच्या इस्पितळात त्याचा अंत झाला.

चुकांची वही ठेवणारा सर्जन

आता विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, अमेरिकेतल्या बॉस्टनला येऊ. अर्नेस्ट कॉडमन हा तिथल्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधला सर्जन. त्याची कल्पना इतकी साधी होती की आज ऐकताना त्यात विशेष काय असं वाटेल. प्रत्येक रुग्णाचं एक कार्ड ठेवायचं. वर्षभरानं त्याला शोधून विचारायचं, बरं आहे का? नसेल, तर का नाही ते लिहायचं, आणि हे निकाल रुग्णालयानं लोकांसमोर मांडायचे.

मोठ्या रुग्णालयाला हे मानवलं नाही. तिथे बढती ज्येष्ठतेवर मिळे, निकालावर नाही. कॉडमननं १९१४ मध्ये राजीनामा दिला. १९१५ च्या एका जाहीर सभेत त्यानं बॉस्टनच्या डॉक्टरांची खिल्ली उडवणारं व्यंगचित्र लावलं, त्यावरून गदारोळ झाला. पण आपल्या छोट्या खासगी रुग्णालयात त्यानं बोलल्याप्रमाणे केलं. १९११ ते १९१६ या काळात तिथून ३३७ रुग्ण घरी गेले आणि त्यानं स्वतःच्या हातानं १२३ चुका नोंदवून छापल्या. निदान चुकलं, कौशल्य कमी पडलं, साधनं कमी पडली, अशी वर्गवारी करून.

कॉडमनचं व्यावसायिक नुकसान झालं. विचार मात्र वाया गेला नाही. अमेरिकेतल्या सर्जनांच्या संघटनेनं पुढे रुग्णालयांसाठी किमान निकष ठरवले, त्यामागे त्याचा आग्रह होता. आज आपल्याकडे रुग्णालयाच्या दर्शनी भागात मान्यतेचं प्रमाणपत्र लावलेलं असतं, त्याची परंपरा मागे नेली तर ती तिथपर्यंत पोचते. पण चूक लिहून ठेवली की ती आपल्यावरच शेकते, हा धडाही डॉक्टरांनी त्याच गोष्टीतून घेतला. पुढची साठ वर्षं बहुतेकांनी वही बंदच ठेवली.

भूल देणाऱ्यांनी काय केलं

वही पुन्हा उघडली ती त्याच रुग्णालयात, आणि उघडणारा डॉक्टर नव्हता. जेफ्री कूपर हा अभियंता होता. भूल देण्याच्या यंत्रांवर काम करताना त्याला आणि त्याच्या सहकाऱ्यांना प्रश्न पडला की अपघात होतात तरी कसे. विमान अपघातांच्या तपासात वापरली जाणारी पद्धत त्यांनी उचलली. भूलतज्ज्ञांना भेटून विचारलं, तुमच्यासमोर घडलेला किंवा थोडक्यात टळलेला प्रसंग सांगा. नाव कुणाचं लागणार नव्हतं. लोक बोलले. १९७८ मध्ये ३५९ प्रसंगांचा अभ्यास प्रसिद्ध झाला.

त्यातल्या ८२ टक्के प्रसंगांत माणसाची चूक होती. यंत्र बिघडल्याचे प्रसंग तुलनेनं थोडे. इथे कुणी म्हणालं असतं, बघा, माणसंच निष्काळजी आहेत, कडक कारवाई करा. या मंडळींनी पुढचा प्रश्न विचारला: कुठल्या परिस्थितीत? आणि उत्तरं पुन्हा पुन्हा तीच येत होती. श्वासाची नळी निसटली आणि लक्षात आलं नाही. एकसारख्या दिसणाऱ्या सिरिंजांची अदलाबदल झाली. यंत्र ओळखीचं नव्हतं. घाई होती. एक भूलतज्ज्ञ गेला, दुसरा आला आणि सांगायचं राहून गेलं. काही यंत्रांवर बटण उजवीकडे फिरवलं की वायू वाढे, काहींवर कमी होई. दमलेल्या माणसाचा हात सवयीनं फिरणार, मग तो कितीही हुशार असो.

१९८० च्या दशकात अमेरिकेतले भूलतज्ज्ञ खटले आणि विम्याच्या वाढत्या हप्त्यांनी मेटाकुटीला आले होते. त्यांच्या संघटनेचे अध्यक्ष एलिसन पिअर्स यांनी ठरवलं की आपण फक्त कोर्टाला दोष देत बसायचं नाही. १९८५ मध्ये भूलसुरक्षेसाठी स्वतंत्र प्रतिष्ठान उभं राहिलं. १९८६ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाशी जोडलेल्या रुग्णालयांनी किमान नियम प्रसिद्ध केले: भूल चालू असताना भूलतज्ज्ञ खोलीतच हवा, रक्तदाब आणि नाडी निदान दर पाच मिनिटांनी पाहायची, वगैरे. वाचून वाटतं, हेही सांगावं लागतं? लागलं.

यंत्रंही बदलली. ऑक्सिजनच्या सिलिंडरच्या तोंडाला ठरावीक जागी भोकं आणि यंत्रावर त्याच जागी खुंट्या, ही युक्ती आधीपासून होती. त्यामुळे नायट्रस ऑक्साइडचा सिलिंडर ऑक्सिजनच्या जागी बसतच नाही. असंच शहाणपण बाकीच्या भागांत आलं. आणि बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आला. त्याचं मूळ तत्त्व जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकात शोधलं होतं. करोनाच्या काळात घरोघरी, ओट्यावर, टीव्हीशेजारी दिसायचा तोच. त्याआधी ऑक्सिजन कमी झालेला कळायचा तो रुग्णाचे ओठ निळे पडल्यावर. आता आकडा उतरायला लागला की आवाज बदलतो आणि खोलीतल्या प्रत्येकाला ऐकू येतो.

परिणाम काय झाला? अमेरिकेच्या वैद्यकीय संस्थेच्या १९९९ च्या अहवालात दिल्याप्रमाणे, १९८० च्या सुरुवातीला भुलेमुळे होणारे मृत्यू दहा हजारांत दोन होते. ते दोन-तीन लाखांत एक इतके खाली आले. भूलतज्ज्ञ एका पिढीत अधिक सज्जन किंवा अधिक हुशार झाले, असं काही झालं नाही. त्यांच्याभोवतीचं काम बदललं.

एकावर एक चाळण्या

त्याच १९९९ च्या अहवालामुळे हा विषय जगभर पोचला. ‘टू एर इज ह्यूमन’ हे त्याचं नाव. अमेरिकेच्या रुग्णालयांत दरवर्षी ४४,००० ते ९८,००० माणसं टाळता येण्याजोग्या चुकांमुळे मरतात, असा त्यात अंदाज होता. आकड्यावर वाद झाले, पण मुद्दा कुणाला नाकारता आला नाही.

या विचाराला चौकट दिली होती ब्रिटनच्या जेम्स रीझन या मानसशास्त्रज्ञानं. त्याचं उदाहरण भोकं असलेल्या चीजच्या चकत्यांचं. आपण चाळण्या म्हणू. एकावर एक अनेक चाळण्या ठेवल्यात असं समजा. औषध लिहिणारा डॉक्टर, ते देणारा फार्मासिस्ट, टोचणारी सिस्टर, बाटलीवरचं लेबल, खाटेवरचा केसपेपर, प्रत्येक जण एक चाळणी. प्रत्येकीला भोकं आहेतच. पण ती वेगवेगळ्या जागी आहेत, म्हणून एकीतून निसटलेला खडा दुसरीत अडकतो. अपघात होतो तेव्हा सगळी भोकं एका रेषेत आलेली असतात. अशा वेळी शेवटच्या चाळणीला, म्हणजे बहुतेक वेळा सिस्टरला, निलंबित करून काय होणार? वरची भोकं तशीच राहतात, आणि तिच्या जागी आलेली नवी सिस्टर त्याच रेषेत उभी राहते.

‘डॉक्टर, थांबा’

आता आपण आयसीयूत जाऊ. गंभीर रुग्णाच्या मोठ्या शिरेत नळी घालतात, तिला सेंट्रल लाइन म्हणतात. तिच्यावाटे जंतू रक्तात गेले तर जिवावर बेततं. जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाचे डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांनी २००१ मध्ये नळी घालतानाच्या पाच पायऱ्या एका कागदावर लिहिल्या: साबणानं हात धुवा, त्वचा क्लोरहेक्सिडीननं पुसा, रुग्णावर पूर्ण निर्जंतुक चादर घाला, मास्क-टोपी-गाउन-हातमोजे घाला, जागेवर निर्जंतुक पट्टी लावा. यात नवीन एक अक्षर नव्हतं. मग त्यांनी परिचारिकांना महिनाभर नुसतं बघायला सांगितलं. एक तृतीयांशाहून जास्त रुग्णांच्या बाबतीत निदान एक तरी पायरी गाळली जात होती.

पुढचं पाऊल महत्त्वाचं होतं. रुग्णालयाच्या प्रशासनानं परिचारिकांना अधिकार दिला की पायरी गाळलेली दिसली तर डॉक्टरला थांबवायचं, आणि प्रशासन तुमच्या पाठीशी उभं राहील. आपल्याकडच्या एखाद्या वॉर्डात ही गोष्ट डोळ्यांसमोर आणून बघा. वीस वर्षांचा अनुभव असलेले सर, आणि त्यांना ‘सर, हात धुवायचे राहिले’ म्हणणारी सिस्टर. कागद छापायला काहीच लागत नाही. हे वाक्य बोलता यावं म्हणून मात्र अख्ख्या संस्थेला बदलावं लागतं.

हाच प्रयोग पुढे मिशिगन राज्यातल्या शंभराहून अधिक आयसीयूंत झाला. तिथे एक बाब उघडकीस आली. एक तृतीयांशाहून कमी आयसीयूंमध्ये क्लोरहेक्सिडीनचा साबण ठेवलेला होता. जे कपाटातच नाही ते डॉक्टर वापरणार कुठून? म्हणून रुग्णालयाच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना प्रत्येक आयसीयूशी जोडून दिलं. अशा अडचणी सोडवणं हे त्यांचं काम. नळीमुळे होणाऱ्या संसर्गाचा मध्यक दर तीन महिन्यांत २.७ वरून शून्यावर आला. हा दर नळी शरीरात असल्याच्या हजार दिवसांमागे मोजतात. २००६ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

धाकट्यानं मोठ्याला थांबवणं किती अवघड असतं, हे विमानक्षेत्राला फार मोठी किंमत मोजून कळलं होतं. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरीफ बेटावर धुक्यात दोन जंबो विमानं धावपट्टीवर एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं मेली. समोरचं विमान खरंच बाजूला झालंय का, अशी शंका एका विमानाच्या फ्लाइट इंजिनिअरनं बोलून दाखवली होती. ज्येष्ठ कप्तानानं ती बाजूला सारली, आणि तो गप्प बसला. त्यानंतर वैमानिकांना शिकवताना, हाताखालच्या माणसानं कसं बोलावं आणि वरच्यानं ते कसं ऐकावं, हा अभ्यासाचा विषय झाला.

उटी ते जिनिव्हा

यवतमाळ जिल्ह्यात उमरखेडजवळ उटी नावाचं गाव आहे. तिथले आत्माराम गावंडे शिकून डॉक्टर झाले आणि अमेरिकेत सर्जन म्हणून स्थिरावले. त्यांचे चिरंजीव अतुल गावंडे, तेही सर्जन. जागतिक आरोग्य संघटनेनं शस्त्रक्रियांमधल्या चुका कमी करण्याचं काम त्यांच्याकडे सोपवलं. त्यातून २००८ मध्ये १९ मुद्द्यांची यादी तयार झाली. शस्त्रक्रियेत तीन वेळा थांबायचं: भूल देण्याआधी, सुरी लावण्याआधी, आणि रुग्णाला बाहेर नेण्याआधी. रुग्ण हाच ना, जागा हीच ना, ॲलर्जी आहे का, प्रतिजैविक दिलं का, पट्ट्या आणि सुया मोजल्या का. आणि एक मुद्दा असा, जो वरवर पाहता फालतू वाटेल: खोलीतल्या प्रत्येकानं आपलं नाव आणि काम सांगायचं. ज्यानं सुरुवातीला एकदा तोंड उघडलं, तो पुढे गडबड दिसल्यावर बोलण्याची शक्यता वाढते, हा त्यामागचा विचार.

यादीची चाचणी आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत झाली. त्यात नवी दिल्ली होतं, टांझानियातलं इफाकारा होतं, लंडन आणि सिॲटलही होतं. जानेवारी २००९ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आणि गंभीर गुंतागुंत ११ वरून ७ टक्क्यांवर आली होती. काम करणाऱ्यांना मत विचारलं, तेव्हा पाचातल्या एकानं यादीत वेळ फार जातो अशी तक्रार केली. पण तुमच्यावर शस्त्रक्रिया असेल तर यादी वापरलेली हवी का, यावर ९३ टक्के लोक हो म्हणाले.

यादी हरते तेव्हा

इथेच थांबलो असतो तर व्याख्यान गोड झालं असतं. पण पुढचा भाग सांगायलाच हवा.

कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतानं ही यादी सक्तीची केली. २०१४ मध्ये तिथल्या १०१ रुग्णालयांचा अभ्यास आला. यादी जवळजवळ सर्वत्र वापरली जाते, असं रुग्णालयांनीच कळवलं होतं. मृत्यू मात्र ०.७१ टक्क्यांवरून ०.६५ टक्क्यांवर, म्हणजे संख्याशास्त्राच्या दृष्टीनं फरक नाही. टीकाकारांनी म्हटलं, चौकटीत खूण करणं वेगळं आणि खोलीत खरोखर थांबून बोलणं वेगळं. वरून आदेश आला की रकाने भरले जातात, हे कुठल्याही सरकारी कार्यालयात गेलेल्या माणसाला समजावून सांगायला नको.

दुसरं उदाहरण आपल्या देशातलं आहे आणि जास्त विचार करायला लावणारं आहे. उत्तर प्रदेशात १२० आरोग्य केंद्रांत, दीड लाखाहून अधिक बाळंतपणांवर, सुरक्षित प्रसूतीच्या यादीची चाचणी झाली. निम्म्या केंद्रांत परिचारिकांना यादी दिली आणि सोबत मार्गदर्शक ठेवले, जे येऊन शेजारी उभं राहून शिकवत. परिचारिका खरोखर बदलल्या. दोन महिन्यांनी तिथे आवश्यक गोष्टींपैकी सुमारे ७३ टक्के केल्या जात होत्या, इतर केंद्रांत ४२ टक्के. पण २०१७ मध्ये निकाल आला, तेव्हा माता आणि बाळांचे मृत्यू व गंभीर गुंतागुंत यांत फरक नव्हता. एकीकडे १५.१ टक्के, दुसरीकडे १५.३ टक्के. मार्गदर्शक जाणं थांबल्यावर पाळल्या जाणाऱ्या गोष्टींचं प्रमाणही घसरलं.

याचा अर्थ यादी निरुपयोगी, असा काढायचा का? आम्हाला तसं वाटत नाही. यादी आधीच्या कामाला शिस्त लावते. पण रक्तस्राव होतोय हे सिस्टरनं ओळखलं आणि रक्त मिळायची सोयच नसेल, मोठ्या रुग्णालयात न्यायला गाडी वेळेत येत नसेल, तर तिनं खूण करून पुढे काय करायचं? मिशिगनमध्ये साबण नव्हता तर तो मागवणारा अधिकारी होता. व्यवस्था म्हणजे यादी अधिक कपाट, अधिक गाडी, अधिक पाठीशी उभं राहणारा माणूस.

मुंबई, १९८६

शेवटी आपण आपल्या मुंबईकडे येऊ. जानेवारी-फेब्रुवारी १९८६ मध्ये जे. जे. रुग्णालयात उपचार घेणारे १४ रुग्ण मूत्रपिंडं निकामी होऊन दगावले. त्यांना ग्लिसरॉल देण्यात आलं होतं, जे एरवी उपयोगाचं औषध आहे. पण या साठ्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे उद्योगांत वापरलं जाणारं विषारी रसायन होतं. हे विष जगाला नवं नव्हतं. १९३७ मध्ये अमेरिकेत याच रसायनात बनवलेल्या औषधानं शंभरावर माणसं मेली होती आणि त्यामुळे तिथे १९३८ चा औषध कायदा आला होता.

चौकशीसाठी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांचा आयोग नेमला गेला. आयोगानं फक्त भेसळ कुणी केली एवढ्यावर समाधान मानलं नाही. औषधाची खरेदी कशी होते, पुरवठादार कसे निवडले जातात, औषध प्रशासन परवाने कसे देतं आणि तपासणी कशी करतं, वरून राजकीय हस्तक्षेप कसा होतो, हे सगळं त्यानं खणून काढलं. म्हणजे चाळणीवर चाळणी बघत गेला, आणि प्रत्येकीचं भोक दाखवलं.

या घटनेमुळे एका आक्षेपाचं उत्तर देता येतं. नेहमी विचारलं जातं की सगळा दोष व्यवस्थेवर ढकलला तर गुन्हेगार सुटणार नाहीत का? जे. जे. च्या प्रकरणात गुन्हा होताच, आणि गुन्ह्याला शिक्षा हवीच. आपल्याकडे कायदाही आहे. १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं डॉक्टरांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आणली. २००५ च्या निकालानं सांगितलं की फौजदारी गुन्ह्यासाठी निष्काळजीपणा ढोबळ स्वरूपाचा असावा लागतो. हे दरवाजे उघडे राहायला हवेत. पण भेसळ करणाऱ्याला शिक्षा झाली तरी, दुसऱ्या भेसळखोराची बाटली वॉर्डात पोचण्याआधी कोण अडवणार, हा प्रश्न उरतोच. शिक्षा मागच्या घटनेचा हिशेब करते. पुढची घटना अडवायला बाटली तपासणारी प्रयोगशाळा लागते, आणि एकाच औषधानंतर रुग्णांची लघवी का बंद होतेय, असं मोठ्यानं विचारणारा माणूस लागतो.

म्हणून व्हिएन्नातल्या त्या भांड्यापासून आजपर्यंतच्या इतिहासातून आपण निदान तीन कसोट्या घेऊ शकतो, ज्या कुठल्याही रुग्णालयाला लावता येतात. इथे चूक, किंवा थोडक्यात टळलेली चूक, नोकरीची भीती न बाळगता कळवता येते का? कळवलेल्या चुकीमुळे कपाटात, यंत्रात, पाळीत किंवा कागदात काही बदल झाला, असं एक तरी उदाहरण दाखवता येतं का? आणि सगळ्यात धाकटी सिस्टर सगळ्यात मोठ्या डॉक्टरला थांबवू शकते का? केंद्र सरकारनं २०१८ मध्ये रुग्णसुरक्षेचा राष्ट्रीय आराखडा आणला, त्यात चुका नोंदवण्याच्या यंत्रणेची भाषा आहे. ती भाषा वॉर्डात उतरते की फाइलमध्ये राहते, हे या तीन प्रश्नांवरून कळेल.

आपण रुग्ण किंवा नातेवाईक म्हणूनही यात आहोत. सिस्टर चौथ्यांदा नाव विचारते तेव्हा चिडू नका, ती एक चाळणी लावतेय. औषध द्यायच्या आधी ते कशाचं आहे हे विचारा. आणि उद्या एखादी दुर्घटना घडली, तर दोषी कोण हे जरूर विचारा, पण निलंबनाच्या बातमीवर समाधान मानू नका. त्या वॉर्डात त्या रात्री किती रुग्णांमागे किती सिस्टर होत्या, हेही विचारा. आपण विचारत नाही तोवर ते कुणी सांगणार नाही.

आता प्रश्नोत्तरांकडे वळू या.